पिवळ्या पाटीमागची दहा मिनिटं

मधू सकाळी सहाला चहा पितो, तोही अर्धा कप. त्यानंतर संध्याकाळी खोलीवर परत येईपर्यंत घशाखाली थेंब उतरू देत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री असू दे, नाहीतर गच्चीवर एसीच्या युनिटपाशी तासभर उभं राहायचं असू दे. कुणी बाटली पुढं केली तर म्हणतो, "आत्ताच प्यायलो." नऊ वर्षं तो हे एकच खोटं बोलतोय आणि ते कधी पकडलं गेलं नाही. दुसऱ्याच्या तहानेकडे बघायला वेळ कुणाला आहे?

अगदीच निभेना झालं तर त्याच्याकडे पिवळी पाटी आहे. घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र असलेली, तंबूसारखी उघडणारी प्लास्टिकची पाटी असते ना, ती. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस आहे, तिथल्या सफाईचा मधू सुपरवायझर. नोकरी ठेकेदाराकडची, काम त्या ऑफिसात. दुपारी तीन चाळीसला तिसऱ्या मजल्यावरच्या जेन्ट्स टॉयलेटच्या दारात तो ती पाटी उभी करतो, आत कुणी नाही ना बघतो, आणि शिरतो. पाटी दिसली की मोठा साहेबसुद्धा मुकाट्यानं चौथ्या मजल्यावर जातो. दहा मिनिटं मिळतात. बाहेर येताना दारामागच्या तक्त्यावर 'साफ केलं' अशी सही. सही खोटी नसते. तो खरंच साफ करून बाहेर येतो.

एवढं कशासाठी, तर त्याच्या पासपोर्टवर नाव आहे मधुरा आणि लिंगाच्या रकान्यात आहे 'स्त्री'. मिरजेत घरच्यांनी मुलगी म्हणून वाढवला. तो स्वतः मात्र आठवतं तेव्हापासून मधू. आवाज जाड, खांदे रुंद, केस बारीक, शर्ट-पँट. मी त्याला 'तो' म्हणते, कारण तो 'तो' आहे. ज्याला हे खटकेल त्यानं इथंच पान उलटावं, मी समजूत काढत बसणार नाही.

मी शारजात, रोल्लामध्ये, टायपिंग सेंटरवर बसते. टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान: व्हिसा, कार्ड, तक्रार, सगळं. दहावी नापास बाई मी. कायदा कुणी शिकवला नाही, लोकांचे अर्ज टाइप करता करता वाचला. कुणाचा पासपोर्ट मालकानं दाबून ठेवलेला, कुणा मोलकरणीला चार महिने घराबाहेर सोडलेलं नाही, अशी माणसं काउंटरपाशी येऊन रेंगाळतात, आणि मग मी अर्ज बाजूला ठेवून विचारते, "बोल, खरं काय झालं?" तिकडं तुम्ही याला चळवळ म्हणता. इथं तो शब्द तोंडातून काढायचा नाही. इथं आम्ही म्हणतो, "जरा मदत केली."

मधू असाच आला होता, आठ वर्षांपूर्वी. त्याच्या आदल्या शुक्रवारी एका मॉलमध्ये तो कागदाप्रमाणे लेडीज टॉयलेटमध्ये गेला होता. आत एक बाई किंचाळली. या देशात पुरुषानं बाईचा वेश करून बायकांच्या जागेत शिरणं हा गुन्हा आहे. मधूच्या अंगावर बाईचा वेशसुद्धा नव्हता! पण किंचाळीपुढं कुणाचं काय चालतं? सिक्युरिटीनं खोलीत नेऊन बसवलं. त्यानं इथलं सरकारी ओळखकार्ड दाखवलं. कार्डवर 'स्त्री'. सिक्युरिटीवाले कार्ड उलटं करून बघत, मग त्याच्याकडे बघत, मग परत कार्डाकडे. शेवटी मोहिद्दीन आला. हा मोहिद्दीन मधूच्या ठेकेदाराकडं व्हिसाची कामं बघणारा मलबारी माणूस. त्यानं अरबीत काय सांगितलं देव जाणे, पण दोन तासांनी सोडवून आणला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "मैंने पासपोर्ट पहले दिन देखा था. मेरा काम पेपर देखना है, बोलना नहीं." त्यानंतर दर दोन वर्षांनी व्हिसाच्या मेडिकलला लेडीजच्या रांगेत मधूला सगळ्यात आधी, सकाळी सातला, तोच घेऊन जातो.

"लेडीजमध्ये गेलो तर पुरुष, जेन्ट्समध्ये गेलो तर बाई," मधू मला तेव्हा म्हणाला होता. "ताई, मी जायचं कुठं ओ?"

मी उसळून म्हटलं होतं, "मग परत जा ना मिरजेला! इथं कशाला जीव टांगणीला लावतोस?"

तो हसला होता. "मिरजेत अख्ख्या गल्लीला माहीत आहे मी मधुरा आहे. इथं एक कार्ड सोडलं तर सगळ्यांना मी मधूच आहे. कामावरची पोरं 'मधूभाई' म्हणतात, ताई. ते ऐकायला मी तहान मारतो."

त्यानंतर मी त्याला परत जायला कधी सांगितलं नाही.

आता यातली अमेरिका ऐका. त्या कंपनीचं हेड ऑफिस तिकडच्या ज्या राज्यात आहे, तिथल्या विधिमंडळानं कायदा केला, की शाळेत आणि सरकारी इमारतीत प्रत्येकानं जन्मदाखल्याप्रमाणेच टॉयलेट वापरायचं. झालं, पेटलं. एक बाजू म्हणे, आमच्या बायकापोरींचं रक्षण. दुसरी म्हणे, हा माणसांवर अन्याय. गाणाऱ्यांनी कार्यक्रम रद्द केले, कंपन्यांनी पत्रकं काढली, तिथल्या पुढाऱ्यांनी या कंपनीला उलटी धमकी दिली, की राजकारण कराल तर सरकारी काँट्रॅक्ट विसरा. कंपनीनं मान ताठ केली आणि जाहीर केलं: आमचं वार्षिक संमेलन या राज्यात होणार नाही, आम्ही ते हलवतोय.

कुठं हलवलं? दुबईला!

मधूनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढी हसले की शेजारच्या काउंटरवरचा पठाण दचकला. टॉयलेटच्या कायद्याचा निषेध म्हणून यांनी सगळं जग सोडून हे ठिकाण निवडलं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी हसत होते, पण मधू हसत नव्हता.

"ताई, मला जॉब ऑर्डर आलीय."

"कसली?"

"स्टिकर चिकटवायची."

त्या गुरुवारी संध्याकाळी तो थेट कामावरून रोल्लाला आला, खांद्यावर सफाईचा झोळा. झोळ्यातून त्यानं गुंडाळी काढली आणि इकडंतिकडं बघून काउंटरखाली माझ्या मांडीवर उलगडली. आठ मोठे रंगीत स्टिकर. इंग्रजीत लिहिलेलं, की तुम्हाला जे वॉशरूम आपलं वाटतं ते खुशाल वापरा, ही कंपनी तुमच्या पाठीशी आहे.

मी ते झटकन गुंडाळलं. "हे इथल्या दारावर लावणार? अक्कल गहाण ठेवलीय का? बिल्डिंगवाले बघतील, तासाभरात पोलीस येतील."

"हेड ऑफिसनं पाठवलंय. वैभवी मॅडमनी ऑर्डरवर सही केलीय." मधू म्हणाला. "आणि ताई, तेवढंच नाही. त्यांना कळलंय."

वैभवी म्हणजे त्या ऑफिसची एचआर, पुण्याची. संमेलनाच्या पाससाठी तिनं ठेकेदाराकडून सगळ्या कामगारांच्या कार्डांच्या कॉपी मागवल्या होत्या. यादी करताना मधूच्या कार्डावर 'मधुरा' आणि पुढं 'एफ' दिसलं. आधी वाटलं, टायपिंगची चूक. मग फोटो बघितला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. दुसरी कुणी असती तर गावभर कुजबुजली असती. वैभवीला मात्र भरून आलं! तिनं मधूला मीटिंग रूममध्ये बोलावलं, पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "मधू, यू आर सो ब्रेव्ह." आणि सांगितलं, की तिनं हेड ऑफिसला मेल लिहिलाय. नाव घातलेलं नाही. फक्त 'आमच्या दुबई ऑफिसात नऊ वर्षं काम करणारा आमचा सफाई सुपरवायझर' एवढंच. हेड ऑफिस हलून गेलंय. त्यांना ही गोष्ट संमेलनात सांगायचीय, वेबसाइटवर टाकायचीय, म्हणजे तिकडच्या पुढाऱ्यांची तोंडं बंद होतील.

"सफाई सुपरवायझर किती आहेत तिथं?" मी विचारलं.

मधूनं एक बोट वर केलं. ते स्वतःकडे वळवलं आणि तिथंच काउंटरला टेकून खाली बसला.

शनिवारी संध्याकाळी मी त्याला घेऊन वैभवीच्या घरी गेले. सिलिकॉन ओएसिसमध्येच बारावा मजला, चकचकीत फ्लॅट. तिनं दार उघडलं, मधूला बघून हात पुढं केला, मला बघून जरा गोंधळली.

"मी छाया. याची ताई," मी म्हटलं. "बसू का, का आधी उभ्यानंच भांडू?"

बिचारीनं पोहे केले होते. तिची सात वर्षांची मुलगी शर्वाणी समोर जमिनीवर चित्रं रंगवत होती. मी मांडीवर ताटली घेतली आणि सुरू झाले. "मॅडम, तुम्ही ज्या कायद्याला शिव्या घालताय तो समुद्रापलीकडचा. इथला कायदा तुमच्या बिल्डिंगच्या खालीच उभा आहे, युनिफॉर्म घालून. ही गोष्ट वेबसाइटवर गेली की याला कोण वाचवणार? तुमचं पत्रक?"

"पण नाव कुठंय त्यात, ताई? टोटली अनॉनिमस आहे."

"तुमच्या ऑफिसात शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते!"

वैभवीचा चेहरा उतरला. "मला वाटलं… आय वाँटेड टू हेल्प. मधू, तू तरी सांगायचंस की."

मधू पहिल्यांदा बोलला. "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही सांगितलं."

तेवढ्यात शर्वाणीनं रंगाच्या पेटीतून मान वर केली. मधूसमोरचा भरलेला ग्लास ती कधीपासून बघत असावी. "आई, व्हाय इज द अंकल नॉट ड्रिंकिंग हिज वॉटर?"

वैभवीनं ग्लासाकडे बघितलं. मग मधूकडे. मीटिंग रूममधली ती बाटली तिला आठवली असावी, आणि नऊ वर्षांतल्या कितीतरी बाटल्या. तिनं तोंडावर हात ठेवला. मग उठली, आतल्या बाथरूमचं दार उघडून दिवा लावला आणि म्हणाली, "मधू, हे घर आहे. आधी पाणी पी."

तो प्यायला नाही. कुणाच्या घरी आलो तरी सवय सुटत नाही, म्हणाला.

वैभवीनं माझ्यासमोरच अमेरिकेला फोन लावला. तिकडं सकाळ होती. स्पीकरवर एका बाईचा फार गोड आवाज. वैभवी म्हणाली, ती गोष्ट काढून टाका. गोड आवाज म्हणाला, पण ही इतकी पॉवरफुल स्टोरी आहे, आमच्या लढ्याला हिची गरज आहे, आपण शहर बदलू, वय बदलू. माझं डोकं सरकलं. मी फोन ओढून घेतला आणि माझ्या टायपिंग सेंटरच्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, युवर फाइट, युवर शोल्डर. डोन्ट पुट गन ऑन हिज शोल्डर." पलीकडची म्हणाली, ठीक आहे, आम्ही वापरणार नाही.

"आणि स्टिकर?"

"स्टिकर मी कॅन्सल करते," वैभवी म्हणाली. गुंडाळी तिनं स्वतःच्या कपाटात ठेवली. मेल मात्र तीस जणांना गेला होता. गेलेला मेल परत येत नाही.

संमेलन मंगळवारी. पुढचं मी मधूकडून, मैमुनाबीकडून आणि वैभवीकडून वेगवेगळं ऐकलं आणि जुळवलं. मैमुनाबी ही गुलबर्ग्याकडची, मधूच्या हाताखाली लेडीज टॉयलेट बघणारी. पन्नाशीची, गुडघ्यांनी अधू, जिभेनं तिखट. मधूबद्दल तिला ठाऊक होतं की नाही, मी आजवर विचारलं नाही.

अमेरिकेहून साठ पाहुणे ऑफिसात आले. दुपारी मधू नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर आला, पाटी उभी केली, आत कुणी नाही बघून शिरला. तो आत असताना दाराच्या बाहेरच्या अंगाला कुणी काय केलं ते त्याला दिसलंच नाही. पाहुण्यांतल्या एका तरुण पोरीनं आपल्या बॅगेतून तसलाच एक स्टिकर आणला होता. तिनं तो त्याच बंद दारावर चिकटवला आणि हसत फोटो काढला. तिच्यासाठी तो शौर्याचा फोटो. चार दिवसांनी ती विमानात बसणार.

बिल्डिंगच्या गार्डनं राउंड मारताना स्टिकर बघितला. पाच मिनिटांत त्याचा अधिकारी वर आला. पांढरा शर्ट, हातात वॉकीटॉकी. त्यानं स्टिकर वाचला, फोटो काढला आणि विचारलं, "इस दरवाज़े का ज़िम्मेदार कौन?"

मैमुनाबी शेजारच्या लेडीजमधून पोछा घेऊन बाहेर आली होती. "सुपरवायझर."

"किधर है?"

"अंदर. सफाई चल रही."

"बुलाओ. आयडी चाहिए, रिपोर्ट में लिखना है."

मधू आत उभा होता, दारापासून चार फुटांवर. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. आयडी! त्या कार्डावरचं एक अक्षर, आणि तो कुठं उभा आहे ते. नऊ वर्षांत त्यानं हजार वेळा मनात रंगवलेलं दृश्य हेच. तो मला म्हणाला, "ताई, मी फरशीवर साबण ओतला. का ओतला, सांगता येत नाही. नुसता घासत बसलो."

साबणाचं पाणी दाराखालून बाहेर आलं आणि मैमुनाबीला धागा मिळाला. ती पाटीच्या पुढं सरकून उभी राहिली. "साब, अब्बी तेज़ाब डाले हैं अंदर. नाली भर गई थी. आँखाँ जलेंगे तुम्हारे. दस मिनट."

"दस मिनट, खलास," अधिकारी घड्याळ बघून म्हणाला.

दहाची वीस झाली. मैमुनाबी हलेना. एकदा तिनं दारावर थाप मारून आत ओरडून सांगितलं, "मधूभाई, अच्छा घिसो, जल्दी नक्को करो!" गार्ड हसला. अधिकारी हसला नाही. त्यानं वॉकीटॉकीवर आणखी एकाला वर बोलावलं.

तेवढ्यात वैभवी आली. मागं ती अमेरिकन पोरगी. वैभवीनं दार बघितलं, पिवळी पाटी बघितली, मैमुनाबीचा चेहरा बघितला. आत कोण आहे ते तिला सांगावं लागलं नाही. पोरगी बोलायला लागली, "बट इट्स जस्ट अ स्टिक—" तशी वैभवी तिच्याकडे न बघता शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाली, "तू आता एक अक्षर बोलू नकोस." पोरीला भाषा कळली नसेल, पण ती गप्प झाली.

मग वैभवीनं गळ्यातला पास काढला, पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं आणि अधिकाऱ्याच्या हातात दिलं. "हा स्टिकर माझा. मी लावला. सफाईवाल्यांचा काही संबंध नाही. रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा."

तिचा व्हिसा नवऱ्याच्या नाही, तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता. मुलीचाही तिच्याच नावावर. नोकरी गेली असती तर दोघींना देश सोडावा लागला असता. ती काय पुढं करत होती ते तिला पुरतं कळत होतं. नंतर मला म्हणाली, "ताई, माझे दात वाजत होते. मला वाटलं त्याला ऐकू येतील."

अधिकाऱ्यानं कार्डाचे फोटो काढले. तिला खाली नेलं. स्टिकर काढायचा हुकूम झाला. मैमुनाबीनं तो नखांनी ओरबाडला.

चाळीस मिनिटांनी मधू बाहेर आला. युनिफॉर्म गुडघ्यापर्यंत भिजलेला, डाव्या मुठीत स्वतःचं कार्ड. इतकं घट्ट धरलेलं की तळव्यावर त्याच्या कडेचा वळ उठला होता. मैमुनाबीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इत्ता साफ तो कब्बीच नै हुआ था ये." आणि पोछा घेऊन निघून गेली.

वैभवीची तीन तास चौकशी झाली. बिल्डिंगनं कंपनीला लेखी ताकीद दिली, कंपनीनं वैभवीला. पोलिसांपर्यंत गेलं नाही. का गेलं नाही, कुणी कुणाला फोन केला, हे मोहिद्दीनला माहीत असेल. त्याचं काम बोलणं नाही. संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडलं. टाळ्या झाल्या म्हणे.

मी वैभवीच्या घरी परत गेले, या खेपेला भांडायला नाही. ती म्हणाली, "ताई, ती तीस माणसं. मी प्रत्येकाला लिहिलं, मेल डिलीट करा. सव्वीस जणांनी उत्तर दिलं."

"आणि चार?"

"त्यांचं काहीच नाही," ती म्हणाली.

त्या चार जणांपायी मधू आता रोज सकाळी अर्धा कप चहा पिताना फोनवर इंग्रजीत टाइप करतो: दुबई, सफाई सुपरवायझर, नऊ वर्षं. काही निघत नाही. मग तो बूट घालतो. तिकडचे पुढारी आणि कंपनी अजून भांडतायत, म्हणजे ती गोष्ट कुणाला कधी कामाला येईल याचा नेम नाही.

मोहिद्दीननं महिन्याभरात त्याची बदली करून घेतली, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामावर. तिथं सुपरवायझरकी नाही, माणसं कमी, आणि मागच्या अंगणात एकच स्वतंत्र टॉयलेट आहे. ना लेडीज, ना जेन्ट्स. आतून कडी. मला हे कळल्यावर मी जवळजवळ नाचले. त्याला फोन केला, "मग काय, राजे! आता तरी पाणी पितोस ना?"

"अर्धी बाटली. दुपारपर्यंत."

"अर्धी का? कडी आहे की दाराला!"

पलीकडून गोदामात ट्रक मागं घेतल्याचा आवाज येत होता.

"कडी आहे, ताई. पण येताना मी जुन्या ऑफिसातली पाटी मागून आणली. आत जाताना दारात लावतो. असू दे."

समोर रांग होती. मला त्याला ओरडायचं होतं, की अरे वेड्या, एकट्याच्या टॉयलेटला पाटी कशाला. ओरडले नाही.

"असू दे," मी म्हटलं.